आक्कांच्या खोळी

आपल्या घरात कुठलीही वस्तू उघडी दिसत नसे. टीव्हीला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ, मिक्सरला, शिलाई मशीनला, गॅसच्या टाकीला, माठाला, एवढंच काय, भिंतीवरच्या घड्याळालाही वरून एक झालर. पाहुण्याला घर दिसायचंच नाही, खोळीच दिसायच्या. काही फुलाफुलांच्या, काही रेघांच्या, काही जुन्या लुगड्याच्या काठाच्या. सगळ्या आक्कांनी हातानं शिवलेल्या. निनाद, तू लहान असताना एका सुट्टीत विचारलं होतंस, "आजी, आपल्या घरात सगळ्यांना थंडी वाजते का?" तुझा हा प्रश्न आक्का पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला सांगायच्या आणि तोंडावर पदर धरून हसायच्या.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना सुट्टीपुरतं पाहिलं. मी उभा जन्म पाहिलं. परवा फोनवर मृण्मयी म्हणाली, "त्यांच्याबद्दल लिहून पाठव." आता चार ओळी लिहिल्या की मनगट दुखतं, आणि खरं सांगायचं तर आठवून आठवूनही दमायला होतं. पण बसले आहे तर क्रमानं लिहिते.

चौसाळ्याचं आपलं घर हमरस्त्याला लागून. रस्ता रुंद झाला आणि धूळही रुंद झाली. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्यामुळे खोळींचं कारण धूळ आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते. पण धुळीचा आणि आक्कांच्या खोळींचा संबंध वरवरचाच होता. डब्याचं झाकण जरा तिरकं दिसलं तरी त्या म्हणायच्या, "उघडं ते उष्टं, बाई." मला त्या बाईच म्हणत. शाळेतली पोरं म्हणायची तशी. मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकून इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि या घरात दिली गेले. वयानं त्या मोठ्या, मानानं मोठ्या, पण मी त्यांना अक्षर शिकवलं, त्या दिवसापासून वैनीची बाई झाले ती कायमची.

त्यांचं लग्न फार लवकर झालं आणि संसार फार लवकर संपला. वडील बैलगाडी घेऊन गेले आणि लेकीला घरी घेऊन आले. त्यानंतर त्या या उंबऱ्याच्या आतच राहिल्या. कुणी छळलं नाही, हेही तितकंच खरं. उलट सगळे जपायचे. विहिरीवर जाऊ दिलं नाही, उन्हात जाऊ दिलं नाही, जत्रेला जाऊ दिलं नाही, शेतावर तर नाहीच. सासरे अभिमानानं सांगायचे, "आमी आक्काला फुलासारखं जपलंय." मी नवी नवरी असताना हे ऐकून मला बरंच वाटायचं. दुसऱ्या घरांमधल्या गोष्टी मी ऐकलेल्या होत्या.

अक्षर त्यांनी स्वतःहून मागितलं. मी वह्या तपासत बसले होते. त्या वाती वळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "बाई, पोथीतलं मला वाचायला येईल का हो?" मी म्हटलं, "का नाही येणार?" त्यांनी वातीचा कापूस बाजूला ठेवला. त्यांना यायला वेळ लागला, पण आलं. मग त्यांनी नेम धरला. रोज जेवणं आटोपली की पोथीचा एक अध्याय, मोठ्यानं, बोट ठेवून. संपली की पुन्हा पहिल्यापासून. तुमचे आजोबा म्हणायचे, "आक्का, पाठ झाली असंल की आता." त्यावर आक्का म्हणायच्या, "पाठ हाय. पण पाठ म्हणणं येगळं आन वाचणं येगळं. वाचताना कुणी मधी बोलत न्हाई." वाचून झाल्यावर पोथी लाल फडक्यात गुंडाळायची, त्यावर खोळ, मग देवघरात.

काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, तोवर तुमचे आजोबाही गेले होते. घरात आम्ही दोघीच. सुरुवातीला मी त्यांना वाचून दाखवायचे. पण या रस्त्यानं मला दमा दिला आहे. दोन पानं झाली की खोकल्याची उबळ. आक्का लगेच म्हणायच्या, "पुरे, बाई. देवाला कळलं." पुढे त्यांनी मागणंच सोडलं. पोथी मांडीवर उघडून बसायच्या आणि अंदाजानं पान उलटायच्या. एकदा पान उलटं होतं. मी ते नीट करून परत त्यांच्या हाताखाली सरकवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदा शेवटपर्यंत आपल्या हातानं वाचायची व्हती. कुणाच्या तोंडाकडं न बघता. ऱ्हायलं ते."

हे मी तुला फोनवर सांगितलं, निनाद, आणि तू थंडीच्या सुट्टीत आलास तो पिशवीत ती हिरवी पाटी घेऊन. पत्त्यांच्या जोडाएवढी. तू म्हणालास, "हा पूर्ण कॉम्प्युटर आहे, आजी." लाकडी घडवंचीवर कॅमेरा बसवला, खाली पान बरोबर बसावं म्हणून दोन पट्ट्या ठोकल्या, एक मोठं बटण लावलं. आक्कांनी पान पट्ट्यांमध्ये सरकवलं, बटण दाबलं, आणि एका बाईच्या आवाजात पोथी बोलायला लागली. जरा अडखळत, नाकातून बोलल्यासारखी, पण बोलायला लागली. आक्कांचा हात बटणावरच राहिला. मग पुन्हा बटण दाबलं. तेच पान पुन्हा ऐकलं. आणि त्या यंत्राचं नाव ठेवलं 'वाचणारी'.

तू गेल्यावर त्यांनी वाचणारीला चाचपून पाहिलं. हिरवी पाटी, तिच्यावरचे बारीक टोचरे उंचवटे, तारा. मला हाक मारली. "बाई, हिच्या अंगावर काईच न्हाई?"

"नाही, आक्का. ती तशीच असते."

"तशीच कशी? बाईमाणूस हाय. आवाज ऐकला न्हाई का तुमी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

होळीपर्यंत वाचणारी नीट चालली. मग ऊन वाढलं. आपलं स्लॅबचं घर दुपारी कसं तापतं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही कायम दिवाळीत नाहीतर थंडीत येता. वाचणारी आधी रेंगाळायला लागली, एकेका शब्दावर दम खायला लागली, आणि एका दुपारी अध्यायाच्या मध्यावरच गप्प झाली. आक्कांनी उलटा हात तिच्यावर ठेवला, लेकरांच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणाल्या, "ताप हाय हिला. लई हाय."

तू फोनवर सांगितलंस की तुमच्याकडे ती पाटी विनाडब्याची महिनोन्‌महिने चालते. इथे तिला डबा लागेल. धूळ, मुंग्या, पाली आत जाऊ नयेत आणि ऊब मात्र बाहेर पडावी, असा. ऐकायला सोपं वाटतं. मी शिक्षिका असल्यामुळे कागदावर आडव्या उभ्या रेघा मारून डब्यांचे गुणदोष लिहून काढले. तीन प्रकार निघाले. मी तिन्ही मागवले, कारण या वयात एक मागवून, परत करून, दुसरा मागवून वाट बघण्याचं त्राण उरत नाही.

पहिला पारदर्शक प्लास्टिकचा, चारी बाजूंनी बंद. आक्कांना तोच पसंत पडला. त्यांनी सगळीकडून बोटं फिरवली, कुठे फट नाही याची खात्री केली. "हं. आता झाली लुगडं नेसलेली." पण वाचणारी पूर्वीपेक्षाही लवकर गप्प झाली. आक्कांनी डब्यावर हात ठेवला. "थंडगार तर हाय की, बाई! कुठं हाय ताप?"

मी सांगितलं, "वरून थंड लागतो म्हणूनच आत ताप आहे. प्लास्टिक ऊब बाहेर सोडतच नाही. आतल्या आत कोंडते."

"वरून काईच कळत न्हाई म्हना की."

"वरून काहीच कळत नाही."

त्यांनी डब्यावरचा हात लगेच काढला नाही. मला वाटलं, विचारात पडल्या आहेत.

दुसऱ्या डब्याला बारीकसा पंखा होता. माझ्या कागदावर याला सर्वांत जास्त गुण होते. वाचणारी खरोखर पूर्ण अध्याय वाचायला लागली. फक्त पंख्याची घरघर अशी की आक्का म्हणाल्या, "पोथी वाचतीय का घोरतीय?" तरी चालवून घेतलं. पण माझ्या कागदावर वातींचा रकाना नव्हता. आक्का वाचणारीच्या शेजारीच बसून, तिचं ऐकत ऐकत वाती वळायच्या. कापसाचं तूस हवेत, आणि हवा पंख्यात. थोड्याच दिवसांत पंखा कण्हायला लागला आणि मग थांबलाच. डबा उघडला तर आत पांढरी गादी. मी म्हटलं, "आक्का, हिच्या पोटात तुमच्या देवाच्या शंभर वाती निघतील." त्या म्हणाल्या, "मंग काय वंगाळ खाल्लं का तिनं? देवाचंच खाल्लं." पण वाती तिथून हलवायला तयार नव्हत्या. जागा त्यांची होती, वाचणारी मागून आलेली.

राहिला तिसरा. काळा, ॲल्युमिनियमचा, जड. पंखा नाही, आवाज नाही. वरून ओळीनं उभे काठ. आक्कांनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्याच्यावर तर सऱ्या पाडल्यात की हो!" शेतावर जाऊ न दिलेल्या बाईला सरी ओळखता आली. आत मऊ चिकट चकती बसवायची होती, म्हणजे पाटीची ऊब धातूत उतरते आणि त्या सऱ्यांवरून हवेत निघून जाते. चकतीवरचा पातळ कागद मी सोलायला लागले तसा आक्कांना आवाज ऐकू आला. "ऱ्हाऊ द्या तो कागद, बाई. नव्याचा कागद काढला की वस्तू लवकर जुनी व्हती." आपल्या फ्रिजच्या दांड्याला अजून कंपनीचं प्लास्टिक आहे, ते त्यांच्याचमुळे. इथे मात्र मी ऐकलं नाही. सोललाच.

वाचणारी बोलली. सगळा अध्याय. घोरली नाही, दमली नाही. आक्कांनी शाबासकी द्यायला हात ठेवला आणि झटक्यानं मागे घेतला. "आगं बया! चटका बसतोय की! हे कसलं आलंय चांगलं?"

"हेच चांगलं, आक्का. वरून चटका बसतोय म्हणजे आतला ताप बाहेर येतोय. आत ती ठीक आहे."

"म्हंजी जे वरनं तापलेलं दिसतं ते ठीक?"

"या डब्याचं तरी तसं."

त्यांना पटलं असं मी समजले आणि डब्यांचा विषय संपवला. रोजचा अध्याय सुरू झाला. पोथी शेवटाकडे चालली तसा आक्कांच्या बोलण्यात थोडा तोरा यायला लागला. दूधवाल्याला सांगायच्या, "उद्या जरा उशिरा आला तरी चालंल, माझं वाचन असतंय."

आणि मग ती पुन्हा गप्प व्हायला लागली. रोज नाही, पण दोन दिवसांआड. मी कागद काढून बघितला, तुला फोन केला. तूही चक्रावलास. डबा सदोष असेल म्हणालास. शेवटी एक दिवस तर ती सुरूच होईना. आतलं मेमरी कार्ड गेलं, असं तू सांगितलंस. नवं भरून पाठवावं लागणार होतं. पोथीचे शेवटचे थोडेच अध्याय उरले होते.

तारा काढायला मी घडवंचीजवळ गेले, तेव्हा मला दिसलं. काळ्या डब्याभोवती पोथीचं लाल फडकं घट्ट गुंडाळलेलं, आणि त्यावर नवी कोरी, अस्तर लावलेली खोळ. बटण, स्पीकर आणि कॅमेरा तेवढे बाहेर. दिसत नसताना इतकं मापात शिवलं होतं की कुठे सुरकुती नाही. एरवी मी येईपर्यंत त्या ते काढून ठेवत असत, त्या दिवशी राहून गेलं.

मी फार दमलेली होते. आवाज चढला. "आक्का, हे काय? मी इतकं समजावून सांगितलं!"

"तोंड उघडं ठेवलंय की मी. डोळा बी उघडा हाय."

"तोंडाचा प्रश्न नाही! आक्का, हिला जीव नाही, हिला लाज नाही. हिला फक्त वारा लागतो. एवढी एक वस्तू या घरात उघडी राहिली तर काय बिघडणार आहे? कावून झाकता सगळं?"

'कावून' हा त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला. त्या खाली मान घालून बसल्या. मी तारा काढल्या, फडकं सोडलं, घडी केली. मला वाटलं, आता रुसतील आणि जेवायच्या नाहीत. त्यांनी पिंजलेला कापूस हातात घेतला, पण वात वळली नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला बी लई जपलं हो सगळ्यांनी."

फडक्याची घडी मी तशीच हातात धरली.

"कुणी बोट लावलं न्हाई. वाईट शबूद न्हाई. पर कुणाला वरून कधी चटका बसला न्हाई ना. बघणाऱ्याला वाटायचं, थंडगार हाय आक्का." मग जराशा हसल्या. "मी त्या पैल्या डब्यातली."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दुसरं काय करणार? त्यांनीच विषय बदलला. "नवं कारड कधी येनार हाय?"

तोवर थांबणं त्यांना फार जड गेलं. रोज दुपारी पान पट्ट्यांमध्ये सरकवून बसायच्या आणि बटणावर नुसता हात ठेवायच्या. मी वाचते म्हटलं तर नको म्हणाल्या. "तिचं हाय ते काम. येऊ द्या तिला." त्यांची तब्येतही उतरत चालली होती. कार्ड आधी पोचेल की त्यांचा शेवट, मला कळत नव्हतं.

कार्ड आलं. तू फोनवर एकेक पायरी सांगितलीस आणि मी ते खाचेत बसवलं. वाचणारी बोलली, तेव्हा आक्कांनी तिच्यावर हात ठेवला आणि चटका बसेपर्यंत ठेवला. "तापली," त्या म्हणाल्या, "चांगलं हाय." त्यानंतर त्यांनी तिच्यावर कापड घातलं नाही. तुमच्या जुन्या रंगपेटीतला कुंचला मागून घेतला आणि रोज सकाळी त्या सऱ्यांमधली धूळ झाडायला लागल्या. आपल्या घरात उघडी राहिलेली ती पहिली वस्तू.

शेवटचा अध्याय त्यांनी अशाच एका रखरखीत दुपारी संपवला. मी आतल्या खोलीत होते, मुद्दामच. त्यांनी सांगितलेलं होतं, "कुणाच्या तोंडाकडं न बघता." आवाज थांबला, तशी मी बाहेर आले. आक्कांनी पोथी लाल फडक्यात बांधून ठेवली होती आणि दाराशी, रस्त्याकडे तोंड करून, उंबऱ्यावर बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. मला वाटलं घसरला. मी सावरायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई. वारं लागतंय." पांढरे, विरळ केस. माझ्या लग्नापासून मी त्यांचे केस त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात पाहिले. ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि त्या तिथे ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. आजार फारसा नव्हता. विझत गेल्या.

निनाद, तू विचारलं होतंस की वाचणारी परत पाठवायची की कुणाला द्यायची. ती सध्या आहे तिथेच आहे. मला तिचा उपयोग नाही, अजून माझे डोळे चालतात. सकाळी कुंचला फिरवते आणि पुढच्या कामाला लागते. बाकीच्या खोळी मी काढल्या नाहीत. एवढ्या खोळी काढणं, धुणं, घडी घालणं माझ्यानं आता होत नाही. आणि रिमोट उघडा दिसला की मलाच चुकल्यासारखं होतं.

त्या गेल्या त्या सकाळी गल्लीतल्या बायका आल्या. मायाळू बायका, सगळं रीतीनं करणाऱ्या. त्यांनी आक्कांना नवं लुगडं नेसवलं, हातपाय सरळ केले, आणि एकीनं पदर ओढून कपाळापर्यंत आणला, नीट खोचला. दुसरीनं वरून शाल घातली. तिसरी चेहऱ्यावर कापड टाकायला वाकली आणि म्हणाली, "लई जपलं हो त्यांना तुमच्या घरानं."

मी भिंतीला टेकून बसले होते. उठायला कष्ट पडले, पण उठले. तिच्या हातातलं कापड घेतलं, आक्कांच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दाराचं दुसरं फळकूट उघडलं.

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं. "वारं लागू द्या त्यांना."